एका वितीचे अंतर




एरवी या पानावर मी परीक्षांचे निकाल, गणेशोत्सव, स्नेहसंमेलन यांविषयी लिहीत असते. या वेळी मोटारीच्या दाराविषयी लिहिणार आहे. मुख्याध्यापिकेने मोटारींवर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. पण सकाळी शाळेच्या फाटकाशी उभी राहिले की कोणते मूल गाडीत कुठे बसून आले हे मला दिसते, आणि गेली काही वर्षे माझे लक्ष गणवेश आणि बुटांआधी तिकडेच जाते. त्याचे कारण घरचे आहे.

आधी एक कबुली. घरी मराठी आणि बाहेर हिंदी हे आपल्या इंदूरच्या बहुतेक मराठी कुटुंबांचे; माझे तर बी.एस्सी.पर्यंतचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. या लेखाच्या पहिल्या मसुद्यात मी सरळ ‘बगलेतून टक्कर’ असे लिहून गेले होते. आपल्या मराठीच्या बाईंनी त्याखाली लाल रेघ मारून समासात लिहिले, ‘मॅडम, मराठीत बगल म्हणजे काख!’ तेव्हा यापुढे ‘बाजूने धडक’. तरी एखादा शब्द निसटलाच तर सांभाळून घ्यावे.

नोव्हेंबर २०१६ ची गोष्ट. नोटाबंदीला आठवडा झाला होता. नात्यातल्या एका मुलीच्या केळवणाला आम्ही निघालो होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी माझ्या नणंदबाई, मागे डावीकडे सासूबाई आणि उजवीकडे अकरावीतला आमचा मुलगा. पुढच्या दोघींनी पट्टे लावले होते, ते चलानाच्या भीतीने. मागच्यांनी लावले नव्हते. मागे पट्टा असतो हेच आम्ही विसरलो होतो, कारण त्याची बकले सीटकव्हरच्या खाली गेली होती. चौकात दिवा हिरवा होता. मी निम्मा चौक ओलांडला असेल, तेवढ्यात डावीकडून एक माल वाहणारी पिकअप लाल दिवा तोडून आली आणि मागच्या डाव्या दारावर आदळली.

गाडी अर्धी फिरून थांबली. मी उतरून समोर आले तर बॉनेटला ओरखडाही नव्हता. दोन्ही दिवे शाबूत, नंबर प्लेट सरळ, वर दसऱ्याचा सुकलेला झेंडूचा हार तसाच. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, “मैडम, गाड़ी को तो कुछ खास नहीं हुआ.” तो समोरून पाहत होता.

सासूबाईंच्या डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्या, कमरेच्या हाडाला तडा गेला. हे दारामुळे झाले हे उघड होते. पण त्यांचे उजवे गळपट्टीचे हाडही मोडले होते, आणि उजवीकडे तर काहीच आदळले नव्हते. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी विचारले, “यांच्या शेजारी कोण बसलं होतं?” मुलाच्या कपाळाला सहा टाके पडले होते. तो कोपऱ्यात उभा होता, काही बोलला नाही. धडकेने गाडी उजवीकडे ढकलली गेली. पट्टा नसलेला तो जागच्या जागी राहू पाहत होता, म्हणजे गाडीच्या हिशेबाने तो डावीकडे फेकला गेला, थेट आजीच्या खांद्यावर. जडत्वाचा नियम मी तोवर वीस-बावीस वर्षे वर्गात शिकवला होता.

सासूबाई सात आठवडे अंथरुणावर होत्या. त्या दिवसापासून हातात काठी आहे. पिकअपवाल्याचे पुढे काय झाले हा वेगळा विषय, त्यात मी शिरत नाही. मला छळणारा प्रश्न निराळा होता: आमच्या गाडीचे समोरून काही बिघडले नाही आणि बाजूने एवढे कसे?

अशीच एक बातमी आपण सर्वांनी २०१४ मध्ये वाचली होती. ३ जूनच्या सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघालेले केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे मागच्या आसनावर बसले होते. चौकात दुसरी एक मोटार त्यांच्या बाजूवर येऊन आदळली. ते त्यातून वाचले नाहीत. मानेचे हाड मोडले होते आणि यकृत फाटले होते. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात गाडी फारशी मोडलेली दिसत नव्हती, आणि ‘एवढ्याशा चेपाने माणूस जातो का?’ असे आमच्या घरीही बोलले गेले होते. जातो. दोन वर्षांनी ते आम्हाला जवळून कळले, नशिबाने थोडक्यात.

गणित साधे आहे. समोरून धडक झाली तर तुमच्या आणि धडकेच्या मध्ये बॉनेट, इंजिन, डॅशबोर्ड अशी पाऊण-एक मीटर जागा असते. ती जागा चुरगळत जाते आणि चुरगळताना ऊर्जा खाते. बाजूने मात्र खांदा आणि दार यांच्यात किती अंतर असते? आज घरी जाऊन मोजा. एक वीत. त्यापलीकडे दाराची जाडी, की लगेच समोरच्या गाडीचे नाक. समोरच्या धडकेत एअरबॅगला उघडायला जेवढा वेळ मिळतो, त्याच्या निम्माही इथे मिळत नाही. बाजूची बॅग साधारण १० ते २० मिलिसेकंदांत फुगावी लागते. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

ही वीत लहान गाडीत असते आणि मोठ्या गाडीतही जवळजवळ तेवढीच असते. गाड्या-गाड्यांत फरक आहे तो त्या वितीत आणि तिच्या भोवती काय भरले आहे याचा. पुढच्या व मागच्या दारामधला खांब, ज्याला बी-पिलर म्हणतात, तो किती मजबूत पोलादाचा आहे. दाराच्या आत आडवी तुळई आहे का. दाराखालचा उंबरठा भार पेलून तो पलीकडच्या बाजूला पोचवतो का. आसनातून छातीसाठी आणि छताच्या कडेतून डोक्यासाठी एअरबॅग उघडते का. छताच्या कडेतून पडद्यासारखी उतरते ती कर्टन एअरबॅग. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९९४ मध्ये ८५० या गाडीत पहिली साइड एअरबॅग दिली आणि १९९८ मध्ये एस-८० या गाडीत कर्टन एअरबॅग आणली. म्हणजे आमचा अपघात झाला तेव्हा ही गोष्ट काही नवी नव्हती. आमच्या २००९ सालच्या गाडीत ती नव्हती, एवढेच. गाडी घेताना आम्ही मायलेज विचारले होते, डिक्की उघडून पाहिली होती, आणि पत्रा अंगठ्याने दाबून पाहिला होता.

पत्रा दाबून काही कळत नाही, हे मला नंतर समजले. दार ‘ठप्प’ असे भारदस्त वाजले म्हणूनही काही कळत नाही; तो आवाज रबराने आणि कुलपाच्या रचनेनेही साधता येतो. कळते ते गाडी आपटून पाहिल्यावरच, आणि ते काम करणाऱ्या संस्था जगात आहेत.

त्यांतली एक अमेरिकेतली इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी. विमा कंपन्यांच्या पैशावर चालते, म्हणून माणसे कमी जखमी होण्यात तिचा स्वार्थ आहे, आणि मला तो स्वार्थ फार आवडला. या संस्थेने २००३ मध्ये बाजूच्या धडकेची परीक्षा सुरू केली. चाकांवरची १५०० किलोंची एक ट्रॉली, पुढचा भाग उंच, एसयूव्हीच्या तोंडासारखा, ताशी ५० किलोमीटर वेगाने उभ्या गाडीच्या दारावर सोडायची. आत चालकाच्या जागी एक आणि त्याच्या मागे एक अशा दोन डमी. त्या डमींचे मला विशेष वाटले. त्या सरासरी पुरुषाच्या आकाराच्या नाहीत. ठेंगण्या बाईच्या किंवा बारा वर्षांच्या मुलाएवढ्या आहेत. कारण उंच गाडी येऊन आदळली की ठेंगण्या माणसाचे डोके नेमके तिच्या बॉनेटच्या रेषेत येते. सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच आहे. आपल्या सहावी-सातवीच्या मुलांची तेवढीच असते.

या परीक्षेने खरेच काही फरक पडतो का? संस्थेने २०११ मध्ये प्रत्यक्ष अपघातांची आकडेवारी तपासली. डाव्या, म्हणजे तिथल्या चालकाच्या बाजूला धडक बसलेल्या अपघातांत, ‘उत्तम’ शेरा मिळालेल्या गाडीचा चालक दगावण्याची शक्यता ‘निकृष्ट’ शेरा मिळालेल्या गाडीपेक्षा ७० टक्क्यांनी कमी होती. रस्ता तोच, चौक तोच, लाल दिवा तोडणारेही तसेच.

पुढे आपल्या व्यवसायात घडते तसेच झाले. सगळीच मुले नव्वद टक्के मिळवू लागली की प्रश्नपत्रिका बदलावी लागते. बहुतेक गाड्या ‘उत्तम’ ठरू लागल्या, पण रस्त्यावर माणसे मरायची थांबली नव्हती. कारण दरम्यान आदळणाऱ्या गाड्याच जड झाल्या होत्या. म्हणून २०२१ मध्ये ट्रॉली १८९६ किलोंची आणि वेग ताशी ६० किलोमीटर केला गेला. मी हे आकडे नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिले आणि गतिज ऊर्जा काढायला सांगितली. मुलांनी काढली: पहिली सुमारे १,४५,००० ज्यूल, दुसरी सुमारे २,६३,००० ज्यूल. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, वजन तर सव्वा पटच वाढलं, मग ऊर्जा जवळजवळ दुप्पट कशी?” शेजारच्या मुलीने त्याला वेगाच्या वर्गाची आठवण करून दिली. ८२ टक्के वाढ. मी इतकी वर्षे हे सूत्र शिकवते, पण त्या दिवशी वर्गात जशी शांतता होती तशी क्वचितच अनुभवली.

नव्या परीक्षेला पहिल्यांदा वीस लहान एसयूव्ही बसवल्या. ‘उत्तम’ आली एकच, माझदा सीएक्स-५. नऊ ‘स्वीकारार्ह’, आठ ‘जेमतेम’, आणि दोन ‘निकृष्ट’: होंडा एचआर-व्ही आणि मित्सुबिशी एक्लिप्स क्रॉस. माझदाचा मधला खांब शाबूत राहिला. होंडाचा खांब सांगाड्यापासून फाटू लागला आणि गाडीची बाजू चालकाच्या आसनाच्या जवळजवळ मध्यापर्यंत आत आली. बाहेरून या गाड्या एकाच आकाराच्या, एकाच किमतीच्या आसपासच्या. खांब कुणाला शोरूममध्ये दिसतो?

आता आपल्याकडचे. भारतात बाजूच्या धडकेची चाचणी कायद्याने नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. म्हणजे आमची जुनी गाडी बाजूने आपटून पाहण्याची सक्तीच कुणावर नव्हती. या चाचणीत ट्रॉली ९५० किलोंची असते आणि वेग ताशी ५० किलोमीटर. नववीच्या मुलांनी हाही हिशेब केला: सुमारे ९२,००० ज्यूल. आता विजयनगर चौकात दहा मिनिटे उभे राहा आणि समोरून जाणाऱ्या एसयूव्ही पाहा. दीड ते दोन टनांच्या असतात. मला कायद्याला नावे ठेवायची नाहीत. काहीच नव्हते तिथे काही तरी आले. पण ‘सरकारमान्य’ म्हणजे पस्तीस गुणांनी पास, पहिला वर्ग नव्हे, एवढे लक्षात असावे.

२०२२ मध्ये मुलाला नोकरी लागली आणि दिवाळीला नवी गाडी घ्यायचे ठरले. सप्टेंबरमध्येच पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला होता. तेही मागे, पट्ट्याविना. ती धडक समोरची होती, पण त्यानंतर मागच्या पट्ट्याविषयी लोक बोलू लागले. आम्ही चौघे शोरूमला गेलो. सासूबाई हट्टाने आल्या. विक्रेता मुलगा गुणी होता, त्याने आधी सनरूफ उघडून दाखवले. सासूबाईंनी काठीने मागचे दार दाखवत विचारले, “याच्यात काय आहे?” तो गोंधळला. म्हणाला, “आजी, पॉवर विंडो है.”

मी त्याला कर्टन एअरबॅगचे विचारले. आहेत म्हणाला, पण सर्वांत वरच्या व्हेरिएंटमध्ये. आम्ही जे पाहत होतो त्यात समोरच्या दोनच. त्या वर्षी बहुतेक ठिकाणी हीच स्थिती होती. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा सरकारने जानेवारी २०२२ मध्ये काढला होता. तो आधी वर्षभर पुढे गेला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सक्ती करणार नाही असे जाहीर झाले. पुढे काही कंपन्यांनी आपणहून त्या द्यायला सुरुवात केली. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतातल्या आपल्या सर्व मॉडेलांत सहा एअरबॅग देण्याचे जाहीर केले. पण २०२२ च्या त्या शोरूममध्ये आमच्यापुढे प्रश्न होता तो जास्तीच्या पैशांचा. यजमान म्हणाले, “एवढ्या पैशांत घराला रंग होईल.” चुकीचे बोलत नव्हते, भिंतींना पोपडे आले होतेच.

याच वेळी मला एक जुनी बातमी आठवली. ऑगस्ट २०२१ मध्ये लॅटिन एनकॅप या दक्षिण अमेरिकेतल्या संस्थेने सुझुकी स्विफ्टला शून्य तारे दिले. बाजूच्या धडकेतले संरक्षण कमकुवत ठरले आणि चाचणीत दार उघडले. तिथे विकल्या जाणाऱ्या त्या गाडीत दोनच एअरबॅग होत्या. युरोपात त्याच नावाच्या गाडीत सहा मिळत होत्या. म्हणजे नुसते नाव विचारून उपयोग नाही. कोणत्या देशातली, कोणते व्हेरिएंट, आत काय आहे, हे विचारायला हवे. आम्ही आधी ठरवलेले मॉडेल सोडले, एक नंबर लहान गाडी घेतली, पण तिचे वरचे व्हेरिएंट घेतले. सनरूफ गेले. रंग अजून झालेला नाही.

आज हे काम थोडे सोपे झाले आहे. ‘भारत एनकॅप’ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्यात मोठ्यांच्या सुरक्षेचे ३२ गुण असतात: १६ समोरच्या धडकेचे, १६ बाजूच्या. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले निकाल आले ते टाटाच्या हॅरियर आणि सफारीचे. दोन्हींना समोरच्या धडकेत १४.०८ आणि बाजूच्या धडकेत पैकीच्या पैकी १६ गुण मिळाले. माझे मत विचाराल तर उंच आणि जड गाडीला बाजूचा हा पेपर सोपाच जातो. खरा कस लागतो तो खांबाच्या चाचणीत. तीत गाडीच आडवी नेऊन एका खांबावर आपटतात, ताशी २९ किलोमीटर वेगाने. खांब एवढा अरुंद असतो की सारा मार एकाच जागी, डोक्याच्या रेषेत बसतो, आणि तिथे कर्टन एअरबॅग नसेल तर डोके आणि खांब यांत फक्त काच उरते. झाड, विजेचा खांब, पुलाचा कठडा हे सारे आपल्या रस्त्यांच्या कडेला आहेच. म्हणून जाहिरातीतले पाच तारे पाहून न थांबता त्या गाडीच्या निकालाचा पूर्ण कागद पाहावा, जसा आपण मुलाच्या टक्केवारीवर न थांबता विषयवार गुण पाहतो. बाजूचे गुण किती, खांबाच्या चाचणीत काय शेरा, आणि तपासलेले व्हेरिएंट आपण घेतो तेच आहे का. ही परीक्षा कंपन्यांना ऐच्छिक आहे, त्यामुळे काही गाड्यांचा कागद मिळणारच नाही. गैरहजर विद्यार्थ्याविषयी आपण जे समजतो ते समजावे.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. पुढच्या सत्रासाठी मुलांना ने-आण करणाऱ्या व्हॅनचे करार लवकरच आपल्यापुढे येतील. दरपत्रकात आपण दर, परवाना, विमा आणि जीपीएस पाहतो. त्यात आणखी दोन रकाने घालावेत: गाडी कोणत्या सालची, आणि प्रत्येक मुलाला आसन व पट्टा आहे का. फाटकाशी मी रोज पाहते, दाराला टेकून तिसरे मूल बसलेले असते, कधी मधल्या फळीवर आडवे, गुडघे दाराकडे करून. त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये ती वीतही नसते. दर थोडे वाढतील, पालकांकडून तक्रारी येतील, त्या मी घेईन.

असो. नवी गाडी आली त्या दिवशी यजमानांनी चाकांखाली लिंबे ठेवली, नणंदबाईंनी ओवाळले. सासूबाई नेहमीच्या जागी, मागे डावीकडे बसल्या. दार लावून घेतले आणि डाव्या हाताची वीत करून खांदा आणि दार यांच्यातले अंतर मोजले.

“तेवढंच आहे ग,” मला म्हणाल्या.

मग वर छताच्या कडेला शिवणीपाशी कोरलेली ‘एअरबॅग’ ही अक्षरे बोटाने चाचपून पाहिली, पट्टा ओढून स्वतः लावला, आणि उजवीकडे वळून नातवाचा लागला आहे की नाही ते पाहिल्यावरच म्हणाल्या, “हं, चल आता.”